जुना गेम भंगारात देण्यापूर्वी

1990 च्या दशकात आपल्या अनेक घरांत टीव्हीला जोडायचा गेमचा डबा असे. कार्ट्रिज खोचायचे, चालले नाही तर फुंकर मारायची आणि भावंडांनी रिमोटवरून भांडायचे. आता तो डबा माळ्यावर धूळ खातो. भंगारवाल्याची हाक आली की अम्मी तो देऊन टाकायला निघते. आमचे म्हणणे एवढेच की, जरा थांबा.

हा डबा मुळात जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा. मासायुकी उएमुरा यांनी रचना केलेला हा गेम 15 जुलै 1983 रोजी फॅमिकॉम या नावाने बाजारात आला. आपल्याकडे दिसत ती बहुतेक त्याची तैवान-चीनमध्ये बनलेली नक्कल. आत दोन मुख्य चिप असतात, एक हिशेब करणारी आणि दुसरी चित्र काढणारी. हिशेबाच्या चिपला कामापुरती मेमरी अवघी 2 किलोबाइट. आमचा हा लेखसुद्धा त्यात मावणार नाही!

आमचा एक जुना विद्यार्थी बोईसरच्या कारखान्यात पाळीवर जातो. सुट्टीच्या दिवशी तो असाच एक डबा उघडून बसतो आणि त्याच्यासारखे वागणारा प्रोग्राम कॉम्प्युटरवर लिहितो. याला एम्युलेटर म्हणतात. चिपच्या पायांवर कोणता संकेत केव्हा येतो ते मोजायचे, वहीत लिहायचे, छोटा प्रोग्राम चालवून ताडून पाहायचे, असे हे काम. जपानच्या टीव्हीवर सेकंदाला 60 चित्रे, आपल्याकडे 50. मग जपानी गेम आपल्या टीव्हीवर नीट कसा चाले? नक्कल करणाऱ्यांनी दोन चित्रांमधला रिकामा वेळ वाढवून मेळ घातला होता. आवाजातही फरक आहे. अशा काही चिपमध्ये लहरीची दोन प्रमाणे एकमेकांच्या जागी बसली आहेत, म्हणून सूर थोडा वेगळा लागतो. हे त्याने कानाने ओळखले आणि मग मोजून पाहिले.

त्याच्या अब्बांची तक्रार आहे की, पोरगा ओव्हरटाइम सोडून खेळण्यात रमतो. त्यांची काळजी खोटी नाही, घर पगारावरच चालते. पण खेळत बसणे वेगळे आणि खेळ कसा चालतो हे शोधणे वेगळे. आम्ही त्यांना मुलाची वही पाहायला सांगितले. शाळेत जी द्विमान पद्धत त्याच्या डोक्यात शिरत नव्हती, ती आता पानापानावर आहे.

आपल्या भागाला ही विद्या परकी नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधल्या आणि 1969 मध्ये त्या वीज देऊ लागल्या. 1974 च्या अणुचाचणीनंतर अमेरिकेचा हात आखडला, तरी आपल्या अभियंत्यांनी त्या चालू ठेवल्या. पुढे तिथेच 540 मेगावॉटच्या दोन भट्ट्या देशी रचनेने उभ्या राहिल्या. दुसऱ्याची वस्तू नीट समजून घेणारा एक दिवस स्वतःची घडवतो.

इथे हक्काचा प्रश्नही येतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 कायदेशीरपणे मिळालेल्या प्रोग्रामचे कार्य अभ्यासण्याची, तपासण्याची मुभा देते. पण दुसऱ्याच्या गेमच्या प्रती काढून विकणे किंवा वाटणे म्हणजे त्याच्या मेहनतीवर हात मारणे. मुलांना हा फरक पहिल्याच दिवशी सांगावा.

आणखी एक ताकीद. गेमचा डबा छोट्या अॅडॅप्टरवर चालतो. अॅडॅप्टर काढून ठेवून तो उघडायला हरकत नाही. जुना काचेचा टीव्ही मात्र मुलांना कधीही उघडू देऊ नका. प्लग काढला तरी त्यात जोरदार धक्का देणारी वीज साठून राहते.

तेव्हा या सुट्टीत माळ्यावरचा डबा खाली काढा. मुलाच्या किंवा मुलीच्या हाती एक स्क्रूड्रायव्हर आणि कोरी वही द्या. संध्याकाळी चहाच्या वेळी फक्त विचारा, ‘आज आत काय सापडले?’ उत्तर समजले नाही तरी ऐकून घ्या.