पाच कोटींत टीम बसवा!

समजा, तुमच्या हातात 5 कोटी दिले आणि सांगितलं, किमान अठरा जणांची कबड्डी टीम उभी करा. सोप्पंय? मग करा सुरू!

आम्हा सांगलीकरांना बोलीचं कसलं कौतुक? मार्केट यार्डातले हळदीचे सौदे बघतच मोठे झालोय. पण तिथे एका पोत्याला चढा भाव मिळाला म्हणून शेजारचं पोतं स्वस्त होत नाही. प्रो कबड्डीच्या लिलावात नेमकं तेच होतं! कारण प्रत्येक टीमच्या खर्चाला मर्यादा. 2014 च्या पहिल्या सीझनला ती 60 लाख होती, 2023 मध्ये 5 कोटी. मालक कितीही मालदार असो, नियम सगळ्यांना सारखा. वर राखून ठेवलेल्या खेळाडूंचे पैसेही त्यातूनच वजा.

2023 मध्ये तेलुगू टायटन्सनी एकट्या पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाख 50 हजार लावले. म्हणजे निम्म्याहून जास्त पाकीट एका गड्यावर. पवन भारी चढाईपटू, प्रश्नच नाही. पण तो बाद होऊन बाहेर बसला की चढाईला कोण? 22 सामन्यांत टायटन्स फक्त 2 जिंकले आणि तळाला गेले.

म्हणजे स्टार घेऊच नये? थांबा बॉस! त्याच लिलावात पुणेरी पलटणनेही इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी 2 कोटी 35 लाख मोजले. पण पलटणकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, संकेत सावंत ही फळी 'यंग प्लेअर' म्हणून आधीच राखलेली होती. 1 मार्च 2024 ला हरियाणा स्टीलर्सना 28-25 हरवून पलटण चॅम्पियन! फंडा क्लिअर आहे. स्टार परवडतो, कारण बाकीची पोरं त्याच्या मानानं स्वस्तात खेळतात.

आणि मला टोचतं ते इथेच. ही स्वस्तातली पोरं येतात कुठून? आपल्या सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांतल्या मातीच्या मैदानांवरून. सांगली जिल्ह्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके 2015 च्या सीझनमध्ये चढाईच्या गुणांत अव्वल ठरला, तेव्हा इकडच्या कितीतरी पोरांना वाटलं, आपलंही जमेल. 2023 च्या लिलावात शेवटच्या 'डी' गटाची मूळ किंमत होती 9 लाख. शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम छोटी नाही. पण गुडघा गेला, की पुढच्या वर्षी बोली लागेलच असं नाही.

आणि नशीब उघडलं तर? आपल्या शेजारच्या चंदगडचा सिद्धार्थ देसाई बघा. 2018 मध्ये यू मुंबाला तो 36 लाख 40 हजारांत मिळाला. सीझन गाजवला आणि 2019 मध्ये टायटन्सनी त्याला 1 कोटी 45 लाखांना उचललं. पोरगा तोच! म्हणजे पहिल्या वर्षीचा सगळा नफा टीमचा. चांगला खेळलास की महाग होतोस आणि महाग झालास की त्याच टीमला परवडेनासा होतोस. शादलूही 2024 मध्ये पलटण सोडून 2 कोटी 7 लाखांत हरियाणाकडे गेला आणि त्या सीझनचा कप हरियाणाने उचलला.

पॅकेजच्या गप्पा मारणाऱ्या आपल्यासारख्यांना हे गणित नवं नाही. ऑफिसातही एका बड्या पगाराखाली चार फ्रेशर्स राबतातच की! पुढच्या लिलावात कोटींचे आकडे झळकतील, तेव्हा चॅनल लगेच बदलू नका. अगदी शेवटी तासगाव किंवा कोरेगावच्या एखाद्या पोराचं नाव बेस प्राइसला पुकारलं जाईल. टाळी त्याच्यासाठी ठेवा. कप त्याच्याच जिवावर येतो.