इतर परिस्थिती कायम असता

आमच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र आणि इतिहास हे दोन्ही विषय एकच गृहस्थ शिकवतात. त्यांचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. असे एक तरी गृहस्थ आता महाराष्ट्रातल्या बहुतेक स्टाफरूममध्ये बसलेले असतात. मूळचे ते अर्थशास्त्राचे. इतिहासाची जागा रिक्त झाली, भरली गेली नाही, आणि पदवीच्या वेळी इतिहासही घेतलेला असल्यामुळे ते तास त्यांच्या गळ्यात पडले. एका पगारात दोन विषय, याहून मोठी कार्यक्षमता कोणती, असे ते स्वतःच हसत म्हणतात.

मुक्त बाजारपेठेवर त्यांची निष्ठा आहे, आणि ती चोवीस तासांची आहे. कँटीनवाल्याने चहाचा दर वाढवला तेव्हा आम्ही सगळ्यांनी कुरकुर केली. ते एकटे प्रसन्न चेहऱ्याने वाढीव पैसे देऊन आले. किंमत ही बातमी असते, बातमीवर रागावू नये, असे वर सांगितले. एसटीचा तोटा, रेशनचा गहू, रिक्षाचे मीटर, साहित्य संमेलनाचे अनुदान, यांपैकी कोणताही विषय निघो, चहा संपेपर्यंत गाडी मागणी-पुरवठ्याच्या स्थानकावर आलेली असते. संध्याकाळी मात्र हेच गृहस्थ गरीब मुलांचा स्पर्धा परीक्षेचा वर्ग फुकट घेतात. ही सेवा बाजारभावाने का देत नाही, असे विचारले की नुसते हसतात. विद्यार्थ्यांचा त्यांच्यावर जीव आहे, आणि आमचाही त्यांच्यावर राग नाही. अनुदानित महाविद्यालयाचा पगार घेऊन खासगीकरणाची प्रवचने करतात, हा टोमणा सोपा आहे म्हणूनच आम्ही तो मारणार नाही. भांडवलशाहीला शिव्या घालून म्युच्युअल फंडात पैसे गुंतवणारे सहकारीही आम्हाला ठाऊक आहेत.

त्यांचा सर्वांत चांगला तास आम्ही वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभे राहून ऐकला आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, त्यानंतरच्या दिवसांतला. वर्गातली निम्मी मुले कांदा पिकवणाऱ्या घरांतली. शहरात कांदा महागला की निर्यात बंद आणि शेतात तो मातीमोल झाला की सरकार गप्प, हा खेळ किती जुना आहे हे त्यांनी उलगडून दाखवले. १९८०चे कांदा आंदोलन, शरद जोशींची मांडणी, शेतमालाचे भाव पाडून उद्योगांना स्वस्त कच्चा माल आणि शहरांना स्वस्त अन्न पुरवण्याचे धोरण हे सारे त्यात आले. कोणी, कधी, कोणाच्या दबावाखाली आणि कोणाच्या जिवावर निर्णय घेतला, हे प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारले. त्या तासाला त्यांचे दोन्ही विषय एकमेकांशी बोलत होते. आम्ही मराठीवाल्यांनीही त्या तासातून काही घेतले.

आमचा आक्षेप येथूनच सुरू होतो. हे प्रश्न त्यांना ठरावीक वेळीच सुचतात. सरकार आरोपी असेल तेव्हा ते इतिहासाचे प्राध्यापक असतात. बाजार आरोपीच्या पिंजऱ्यात आला की ते तत्काळ अर्थशास्त्राचे होतात.

उदाहरणार्थ, १८७६ ते १८७८चा दुष्काळ. त्यांच्या इतिहासाच्या तासाला तो एका परिच्छेदात आटोपतो: पाऊस पडला नाही, रेल्वे अपुरी होती, माणसे मेली. यातला रेल्वेचा मुद्दा खोटा नाही. पण गाळलेला भाग पाहा. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने १८७३-७४मध्ये बिहारच्या टंचाईत ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून मोठी प्राणहानी टाळली होती, आणि त्याबद्दल त्याच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. तोच टेंपल १८७७मध्ये दुष्काळी कामांची पाहणी करण्यास निघाला तेव्हा धडा शिकून आला होता. दिवसभर खडी फोडणाऱ्या मजुराला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत, असे त्याने ठरवले. धान्याच्या खासगी व्यापारात हात घालायचा नाही, हे लिटनच्या सरकारचे जाहीर धोरण होते. त्या काळातही बंदरांतून गहू परदेशी जात होता. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला कळवत होती, आणि तुटपुंज्या मजुरीविरुद्ध दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी काम सोडले होते. कोणी, कधी, कोणाच्या जिवावर, हे कांद्याच्या तासातले प्रश्न येथे विचारले असते तर लिटनच्या टेबलावरच्या अर्थशास्त्राचीही झडती झाली असती.

हे आम्ही त्यांना विचारले. उत्तर तयार होते: तो खरा मुक्त बाजार नव्हताच; सारावसुली सरकारची, सत्ता परक्यांची. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. मात्र प्रत्येक वेळी तेच निघते तेव्हा आम्हाला श्रावणातल्या कहाण्या आठवतात. फळ मिळाले तर व्रताची थोरवी, नाही मिळाले तर व्रत यथासांग झाले नव्हते. (खरा समाजवाद अजून आलेलाच नाही, असे सांगणाऱ्यांची कहाणीही हीच, वसा तेवढा वेगळा.)

अर्थशास्त्राच्या मराठी क्रमिक पुस्तकांत प्रत्येक नियमाच्या पायाशी एक वाक्यांश असतो: इतर परिस्थिती कायम असता. किंमत वाढली की मागणी घटते, इतर परिस्थिती कायम असता. फळ्यावरची आकृती काढण्यापुरती ही अट रास्तच आहे. तिच्याशिवाय कोणतेही शास्त्र एक पाऊल टाकू शकणार नाही. परंतु पुढच्याच तासाला त्याच फळ्यावर जो विषय शिकवायचा, तो या ‘इतर परिस्थिती’चाच. सारा, जात, कर्जरोखा, परकी सत्ता, दुष्काळी मजुराचे रिकामे पोट ही सगळी इतर परिस्थिती. ती कायम धरून इतिहास शिकवला तर हातात सनावळ्या उरतात.

बाजार जात पाहत नाही, हे त्यांचे आवडते वाक्य आहे. गॅरी बेकरचे १९५७चे पुस्तक ते त्यासाठी पुढे करतात: जो मालक भेदभाव करील तो महाग मजूर घेईल आणि स्पर्धेत मागे पडेल. तर्क देखणा आहे. गावगाड्याच्या वेठीतून सुटून दलित माणूस रेल्वेत, गोदीत, गिरणीत पोचला, रोख मजुरी हाताळू लागला, हेही खरे. तेवढे श्रेय बाजाराला दिलेच पाहिजे. परंतु मुंबईच्या गिरण्यांत तो कताई खात्यात होता. अधिक मजुरीच्या विणकाम खात्याचे दार त्याला बंद होते. धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि ‘बाटलेले’ सूत इतर विणकर तोंडात धरायला तयार नव्हते. १९२८च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. तोवर मुंबईतल्या गिरणी उद्योगाला सत्तर वर्षे होऊन गेली होती. मँचेस्टर आणि जपान यांच्याशी जिवावरची स्पर्धा चालू होती. त्या स्पर्धेने ते दार उघडले नाही.

आंबेडकरांचे नाव घेतले की आमचे सहकारी उत्साहाने कपाटातून ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ काढतात. चलनावर सरकारची मनमानी चालू नये, हा १९२३च्या त्या ग्रंथातला युक्तिवाद त्यांना मुखोद्गत आहे. त्याच आंबेडकरांनी १९४७च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या ताब्यात असावी अशी मागणी केली, ते पुस्तक कपाटात नाही. चोवीस वर्षांत एका अर्थशास्त्रज्ञाने काय पाहिले, म्हणून तो तेथून येथे आला? इतिहासाच्या प्राध्यापकाला यापेक्षा चांगला प्रश्न कोणता मिळणार?

दोन्ही विषय एकत्र सांभाळणारी माणसे आपल्याकडे पूर्वीही होती. गोखल्यांनी फर्ग्युसनमध्ये इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवले. रानड्यांनी १८९२मध्ये डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले आणि १९००मध्ये मराठ्यांच्या उदयाचा इतिहास प्रसिद्ध केला. त्या व्याख्यानाचा रोख असा की, इंग्लंडच्या विशिष्ट परिस्थितीतून काढलेले सिद्धांत सर्व देशांना आणि सर्व काळांना लागू होत नसतात. रानडे काही बाजाराचे वैरी नव्हते. कारखाने, पतपेढ्या, व्यापार वाढावा ही त्यांची तळमळ होती. पण नियम समोर आला की तो कुठला आणि केव्हाचा, हे विचारल्याशिवाय ते त्याला घरात घेत नसत.

हे सारे आम्ही मराठी शिकवणारी माणसे का लिहीत बसलो, असे वाचक विचारील. आमच्याकडचा मराठीचा एम.ए. वर्ग आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतका राहिला आहे. निम्मे तास तासिका तत्त्वावरचे सहकारी घेतात. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, सुट्टीचे नाहीत. गेल्या बैठकीत आमच्या या मित्रांनी अत्यंत सौजन्याने सुचवले की मागणी नसलेला वर्ग बंद करावा आणि खोली संगणकाच्या अभ्यासक्रमाला द्यावी. त्यांच्या दृष्टीने मागणी ही पावसासारखी वरून पडणारी गोष्ट आहे. ती पडली नाही, यात कोणाचा दोष नाही.

त्यावर आम्ही एवढेच सांगितले की, मुंबई विद्यापीठाने आरंभीच्या काळातच देशी भाषांना उच्च परीक्षांतून वगळले होते. मराठीला तेथे पुन्हा जागा मिळावी म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली त्यांत रानडे अग्रभागी होते, आणि एम.ए.च्या पातळीवर तिला यश आले ते त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस. तेव्हा मराठी घेऊन एम.ए. होणाऱ्यांची रांग विद्यापीठाच्या दाराशी उभी नव्हती. कोणीतरी दार ठेवले, मग माणसे आली. आज ती येत नसतील तर इंग्रजी माध्यमाच्या शाळा, थांबलेली प्राध्यापकभरती, नेट-सेट होऊन तासिकेवर झिजणारी आमची मुले, ही कारणे तपासावी लागतील. कांद्याच्या बाबतीत त्यांनीच आम्हाला तशी तपासणी करायला शिकवले.

ते म्हणाले, मुद्दा विचार करण्यासारखा आहे. प्रस्ताव त्यांनी मागे घेतलेला नाही. पुढची बैठक दिवाळीनंतर आहे, आणि इतिहासाची जागा अजून रिक्तच आहे.