बालाघाटकरांनो, घरातल्या माणसाला एकटं सोडू नका

बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी, बैहर, जिथे कुठे हे वाचत असाल तिथे जरा थांबा. घरातला एकेक चेहरा डोळ्यांपुढे आणा. कुणी ताटावरून अर्धवट उठतंय का? कुणी रात्ररात्र जागं असतं का? ऐन रोवणीच्या दिवसांतही कुणी बांधीकडे फिरकलं नाही का? “माझं तुम्हाला ओझंच झालंय,” असं कुणी बोलून गेलं का? त्या बोलण्याकडे कानाडोळा करू नका.

असा माणूस हळूहळू तुटत जातो. पोरगी शाळा सोडते. कर्ता माणूस दारूत बुडतो. बाळंतीण लेकराला जवळ घेईनाशी होते. आपण म्हणतो, नाटकं आहेत, आळस आहे, बाहेरची बाधा आहे. झाडफूक करण्यात महिने जातात. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपला मध्य प्रदेशही होता. निरनिराळ्या मानसिक आजारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना राहतात, असं त्यात आढळलं. त्यांतला एखादा आपल्याच घरात असू शकतो.

त्याला तसंच राहू देऊ नका. आज रात्री त्याच्याजवळ बसा. सरळ विचारा, “जीव नकोसा वाटतो का?” विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोंडलेलं बोलायला वाट मिळते. ऐका. रागावू नका, उपदेश करू नका. मग 14416 हा नंबर लावा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, 2022 पासून सुरू असलेली. दिवसा लावा, मध्यरात्री लावा, पैसे लागत नाहीत. मराठीत बोला, हिंदीत बोला. आजारी माणूस तयार नसेल तर घरच्यांनी लावा.

पण फोनवरच थांबू नका, कारण अंगावर काढलेला आजार मुरतो. शहरातल्या शहीद भगतसिंह जिल्हा रुग्णालयात जा. चिठ्ठी काढतानाच मानसिक आरोग्याचा ‘मनकक्ष’ कुठे आहे ते विचारा. मनोविकारतज्ज्ञ औषध देतात, समुपदेशक बोलून वाट दाखवतात. पुष्कळांना दोन्ही लागतं. खासगी मानसशास्त्रज्ञाकडे जाणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते विचारा. संकोच करू नका. राज्यातली सरकारी मनोरुग्णालयं ग्वाल्हेर आणि इंदूरला आहेत, आपल्याला लांब. नागपूर जवळ आहे. तिथे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये मानसोपचार विभाग आहे. नागपूरच्या सोयऱ्यांना आजच फोन करा.

लोक काय म्हणतील, या भीतीपायी कितीतरी घरं दार लावून सोसतात. लेकरं ते सगळं बघत मोठी होतात. तुम्ही सोसत बसू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी उपचारांचा हक्क तुम्हाला दिला आहे. तुमच्या आजाराची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मिरगीसाठी, मधुमेहासाठी आपण दवाखान्यात जातो ना? तसंच यासाठीही जा.

आणि कुणी मरणाची भाषा बोलत असेल तर सकाळची वाट पाहू नका. क्षणभरही एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा. 108 ला फोन करा, शेजाऱ्यांना उठवा, रुग्णालय गाठा. वेळेवर हात मिळाला तर तो क्षण टळतो, माणूस वाचतो.

आशाताई, गुरुजी, सरपंच, तुम्हालाही हात जोडून सांगणं आहे. तुमचा शब्द गावात चालतो. 14416 शाळेच्या भिंतीवर लिहा, ग्रामसभेत वाचून दाखवा. उपचार सुरू झालेल्या घरी चक्कर मारा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू देऊ नका.

तुमच्या माणसाला तुमच्याइतकं कुणी ओळखत नाही. म्हणून आजच विचारा. आजच फोन लावा. उद्या सकाळी त्याला एकट्याला पाठवू नका, सोबत निघा.