ट्रकच्या धडकेनंतर

विद्यार्थी परीक्षेपुरतेच वाचतात, ही तक्रार आम्ही परभणीच्या प्राध्यापकवर्गात वारंवार ऐकतो. याच विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर जपानी 'इसेकाई' मालिकांचे खंडच्या खंड इंग्रजी अनुवादातून वाचले जात असतात. पण ते वाचन म्हणून कोणी मोजत नाही. इसेकाई म्हणजे वेगळे जग. आपल्या जगातला एखादा सामान्य, बहुधा अयशस्वी तरुण अपघातात मरतो (ट्रकची धडक हा तर या प्रकारातला राजमार्ग) आणि जादूच्या राज्यात नवा जन्म घेतो. 'लाइट नॉव्हेल' या सचित्र, छोटेखानी कादंबऱ्यांतून त्याची कथा वर्षानुवर्षे चालते. हा सगळा मालच टाकाऊ, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यातला कस कशात आहे आणि साचा कुठे आहे, हे सांगणे अवघड. आणि समीक्षा शिकवणाऱ्यांनी ते सांगायचे नाही, तर कोणी सांगायचे?

वास्तविक ट्रकची ही धडक मराठी वाचकाला नवी नाही. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पानिपतच्या विचारात असतानाच ट्रकला धडकतात आणि १७६१ साली मराठे जिंकले होते अशा हिंदुस्थानात जाऊन पोहोचतात. तिथे त्यांना ना तलवार मिळते ना वरदान. मुंबईत ते मुलाचा शोध घेतात, तर त्या नावाचा माणूसच कार्यालयात नाही. मग ते ग्रंथालयात जाऊन बसतात आणि इतिहासाला वळण नेमके कुठे मिळाले ते धुंडाळतात. पुढे आझाद मैदानावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसताच नऊशे नव्व्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषवलेला हा गृहस्थ सवयीने मंचावर चढतो. त्या जगाने मात्र अध्यक्षीय भाषणे केव्हाच मोडीत काढलेली असतात! श्रोते त्यांची जी संभावना करतात, ती साहित्य संमेलनांना नियमाने जाणाऱ्यांनी अवश्य वाचावी. विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतो. ते जग गंगाधरपंतांच्या आधीपासून, त्यांच्यावाचून चाललेले आहे. ते त्यांची वाट पाहत बसलेले नाही.

साचेबंद मालिकेत नेमके उलट घडते. तिथले राज्य, राक्षस, राजकन्या सारे नायकाच्या आगमनासाठी खोळंबलेले असतात. पहिल्याच प्रकरणात त्याला अजिंक्य शक्ती मिळते, व्हिडिओ गेमप्रमाणे त्याच्या गुणांचे आकडे हवेत झळकतात आणि तो हुशार ठरावा म्हणून भोवतालची माणसे मठ्ठ केली जातात. अशा कथांचा महापूर इतका की 'शोसेत्सुका नि नारो' या जपानी लेखनमंचाला २०१६ मध्ये त्यांची क्रमवारीच निराळी करावी लागली. आपणही फार नाक मुरडू नये. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांच्या काळातली आपली अद्भुत कादंबरी योगायोगांवर आणि निर्दोष नायक-नायिकांवरच पोसलेली होती.

याच मंचावर २०१३ मध्ये सुरू झालेली मिया काझुकी यांची 'असेंडन्स ऑफ अ बुकवर्म' ही मालिका आम्हांला मोलाची वाटते. पुस्तकांच्या ढिगाखाली चिरडून मेलेली एक ग्रंथवेडी तरुणी एका गरीब शिपायाची आजारी, पाच वर्षांची मुलगी माइन होऊन जागी होते. त्या जगात पुस्तके फक्त सरदारांकडे. कागद कसा होतो हे तिला माहीत आहे, पण हातात ताकद नाही, घरात पैसा नाही. गवताचे तंतू विणून काही जमत नाही. मातीच्या पाट्या भट्टीत फुटतात. लाकडी पट्ट्यांवर लिहावे, तर आई त्या सरपण म्हणून चुलीत घालते. आईचेही चूक नाही. तिला थंडीत घर ऊबदार ठेवायचे आहे. पुढे झाडाच्या सालीचा कागद होतो तो एका मित्राच्या कष्टाने आणि नफ्याचा हिशेब चोख मागणाऱ्या व्यापाऱ्याच्या पैशाने. ज्ञान आहे म्हणून सत्ता येत नाही. मधे समाज उभा असतो. पुस्तकांच्या दिशेने ती एकेक पायरी चढते, तसे काही गमावतेही. दुसऱ्या भागाच्या अखेरीस सरदारघराण्यात दत्तक जाताना झालेल्या कराराने आई-वडिलांना आई-वडील म्हणण्याचा तिचा हक्क जातो. ३३ खंडांची ही मालिका पुढे दरबारी नावांच्या गर्दीत रेंगाळते, हे खरे. पण त्या कराराची सल शेवटपर्यंत जात नाही.

भाषेचेही तसेच. साच्यातला नायक परक्या जगात उतरल्या क्षणी तिथली भाषा बोलू लागतो. माइनला बोली कळते, पण अक्षरे नव्याने गिरवावी लागतात. १९४८ पर्यंत निजामी कारभाराची उर्दू शिकावी लागलेल्या मराठवाड्याला ही तपशिलाची गोष्ट वाटणार नाही. आपल्याच गावात राहून कचेरीच्या दारात परक्या जगात पाऊल टाकणे काय असते, हे इथल्या दोन पिढ्यांनी पाहिले आहे.

आमचे काही विद्यार्थी आता स्वतःच अशा कथा मराठीत लिहून प्रतिलिपीसारख्या मंचांवर टाकतात. त्या वाचताना जाणवते की त्यांचे नायक निघतात युरोपी किल्ल्यांकडे आणि जातात रिकाम्या हातांनी. मानवतच्या बाजारात कापसाची प्रत बोटांनी ओळखणारा, विहिरीचे पाणी किती दिवस पुरेल याचा अंदाज घेणारा मुलगा त्या राज्यात गेला, तर तिथला सावकार त्याच्याशी काय बोलेल आणि तो मुलगा काय उत्तर देईल, ही कथा आम्ही अजून वाचलेली नाही.