शिडीचं गणित : चारास एक

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत तुमच्यापैकी कित्येकांचे आई-बाबा कामाला जातात. दिवा बदलायचा, पाइप रंगवायचा, पत्रा दुरुस्त करायचा, की आलीच शिडी!

एक गंमत करा. फूटपट्टी भिंतीला टेकवा आणि तिचं खालचं टोक हळूहळू भिंतीपासून दूर न्या. एका क्षणी पट्टी सर्रकन घसरेल. शिडीचंही तसंच होतं. फार तिरपी लावली तर घसरते. फार उभी लावली तर माणसासकट मागे उलटते. म्हणून हिशेब चारास एक. वरचा टेकू ४ मीटर उंचीवर असेल, तर पाय भिंतीपासून १ मीटर दूर.

चढताना तोंड शिडीकडे हवं. दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात कायम शिडीवर. सामान हातात नको, दोरीने वर ओढायचं. पालघरच्या पावसात चपला चिखलाने भरतात, त्या आधी पुसायच्या. आणि विजेच्या तारांजवळ अॅल्युमिनियमची शिडी कधीच नाही!

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. पण तोवर कशाला थांबायचं? आज संध्याकाळीच बाबांना विचारा, "तुम्ही चढता तेव्हा खाली शिडी कोण धरतं?" उत्तर "कुणी नाही" असं आलं, तर फूटपट्टी घ्या आणि त्यांना चारास एक शिकवा.