शीर्षकापासून बातमीपर्यंत : तृतीय भाषेच्या वर्गातील चिकित्सेचा प्रश्न

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत जून २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ झाला. त्या निर्णयाभोवती झालेल्या वादाचा रोख प्रामुख्याने दोन प्रश्नांवर होता : इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून असावी आणि तिच्यामुळे मराठीचे काय होईल? इंग्रजी वाचू लागलेला विद्यार्थी त्या भाषेतून येणाऱ्या मजकुराकडे कोणत्या दृष्टीने पाहणार, हा तिसरा प्रश्न मात्र उपेक्षितच राहिला.

या उपेक्षेचे एक बोलके उदाहरण दहावीच्या इंग्रजी विषयातील वृत्तलेखन होय. विद्यार्थ्यास एखादे शीर्षक दिले जाते आणि त्यावरून त्याने बातमी तयार करावी अशी अपेक्षा असते. स्थळ, दिनांक, प्रत्यक्षदर्शी, अधिकाऱ्याचे निवेदन, सारे काही तो कल्पनेने भरतो. भाषेचा सराव म्हणून यात गैर काही नाही. परंतु न घडलेल्या घटनेची बातमी किती सहज रचता येते, हे ज्या विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने अनुभवले, त्याला त्या अनुभवाचा अर्थ कोणी समजावून सांगत नाही. बातमी रचण्याची क्रिया शिकविली जाते; बातमी उलगडण्याची तिची उलट क्रिया अभ्यासक्रमाबाहेर राहते.

ही उणीव केवळ शैक्षणिक नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा जमावाने बळी घेतला. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या. त्याच वर्षी अपहरणाचा पुरावा म्हणून देशात फिरलेली एक चित्रफीत वस्तुतः कराचीत तयार झालेली, मुलांच्या सुरक्षिततेविषयीची जाहिरात होती. तिच्या शेवटचा खुलासा तेवढा कापून टाकलेला होता. या अफवांचा संबंध इंग्रजीशी नव्हता, हे खरे. परंतु ‘हे कोणी, कशासाठी तयार केले आणि यातून काय गाळले?’ हा प्रश्न विचारण्याची सवय कोणत्याच भाषेच्या तासाला लागत नसेल, तर इंग्रजीच्या बाबतीत धोका अधिकच वाढतो. परक्या भाषेत वाचणाऱ्याची सारी शक्ती शब्दार्थ लावण्यातच खर्च होते आणि अर्थ लागला की मजकूर खराही ठरला, असा त्याचा समज होतो. इंग्रजीला असलेली प्रतिष्ठा या समजाला बळकटी देते.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील, मध्य प्रदेशाच्या सीमेकडील नाकाडोंगरीसारख्या गावाच्या संदर्भात हा प्रश्न अधिक मूर्त होतो. हा मँगनीजचा पट्टा आहे. डोंगरी बुजुर्ग येथील खुली खाण आणि चिखला येथील भूमिगत खाण याच तालुक्यात आहेत. खाणकामाच्या इंग्रजीत खनिजावरील माती व खडक यांना ‘ओव्हरबर्डन’, म्हणजे वरचे ओझे, असे म्हणतात. खनिज काढणाऱ्याच्या दृष्टीने ते ओझे खरेच. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यातला वरचा थर म्हणजे त्याचे शेत होय. संज्ञा कोणाच्या बाजूने बोलते हे समजण्यास याहून समर्पक पाठ क्वचितच सापडेल. शिवाय, २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीसाठी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. संपूर्ण अहवालाच्या भाषांतराची मात्र तशी तरतूद नाही. म्हणजे मूळ मजकूर इंग्रजीत आणि गावाच्या हाती त्याचा संक्षेप. संक्षेपात काय उरले आणि काय गळले, हे ताडून पाहणारा वाचक गावातच निर्माण होणे, हे इंग्रजी शिक्षणाचे उद्दिष्ट का असू नये?

यासाठी नव्या विषयाची आवश्यकता नाही. व्याकरणात प्रयोग बदलण्याचा अभ्यास वर्षानुवर्षे यांत्रिकपणे करून घेतला जातो. ‘जमीन संपादित करण्यात आली’ या वाक्यात कर्ता कोठे गेला, एवढा एक प्रश्न जोडला की तोच अभ्यास चिकित्सेचे साधन बनतो. इंग्रजी वृत्तपत्रातील वाक्य आणि त्याच घटनेविषयीचे मराठी वृत्तपत्रातील वाक्य शेजारी शेजारी ठेवले, तर कर्ता कोठे लपविला आणि कोठे उघड केला हे आठवीचा विद्यार्थीही सांगू शकेल. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली सुरू झाले तेव्हा त्यात इंग्रजी व मराठी मजकूर समोरासमोरच्या स्तंभांत छापला जात असे. मराठी वृत्तपत्राच्या आरंभीच असलेली ही रचना आजच्या वर्गासाठी उत्तम नमुना ठरू शकते.

यावर एक आक्षेप संभवतो. ज्यांना इंग्रजीतील साधे वाक्य धड वाचता येत नाही त्यांच्याकडून चिकित्सेची अपेक्षा कशी करावी? आधी भाषा, मग चिकित्सा, हा क्रम वरकरणी तर्कशुद्ध वाटतो. पण त्यातील ‘मग’ प्रत्यक्षात कधी उगवत नाही. विद्यार्थी शाळा सोडतो तेव्हाही भाषा अपुरीच असते. शिवाय चिकित्सेची भाषा इंग्रजीच असावी असा नियम नाही. या पट्ट्यातील अनेक मुले घरी झाडीबोली किंवा पोवारी, शाळेत प्रमाण मराठी आणि बाजारात हिंदी बोलतात. भाषा बदलली की तीच गोष्ट थोडी वेगळी होते, हे त्यांना कोणी शिकविण्यापूर्वीच ठाऊक असते. मजकूर इंग्रजी असावा आणि त्यावरील प्रश्न मराठीत, प्रसंगी बोलीतही, विचारले जावेत.

दुसरी शंका अशी की, यातून प्रत्येक गोष्टीवर अविश्वास ठेवणारी पिढी तयार होईल. परंतु शहानिशा करणे आणि संशय घेणे यांत भेद आहे. संशयखोर माणूस काहीच तपासत नाही. तपासणारा माणूस अखेरीस कशावर तरी सकारण विश्वास ठेवतो.

परीक्षेत जे विचारले जाते तेच वर्गात शिकविले जाते, हे वास्तव नाकारता येत नाही. म्हणून बदलाचा आरंभही प्रश्नपत्रिकेतूनच व्हावा. वृत्तलेखनाच्या प्रश्नाला एक उपप्रश्न जोडावा : ही बातमी खरी मानण्यापूर्वी तुम्ही कोणाला कोणते तीन प्रश्न विचाराल? उत्तर मराठीत दिले तरी पूर्ण गुण द्यावेत. शीर्षकावरून बातमी रचणाऱ्या विद्यार्थ्यास बातमीवरून घटनेकडे परत जाता येणे, हीच तृतीय भाषेच्या शिक्षणाची खरी कसोटी मानावयास हवी.