थरथरत्या हातांतील पत्ते

अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, मेंढीकोटाची बैठक शनिवार पेठेतील वाड्याच्या ओसरीवर कित्येक वर्षे भरत असे. वाडा पडला, दोन भिडू निवर्तले, तिसरे मुलाकडे बंगळुरूस गेले. तरीही अण्णा कोथरूडच्या विरंगुळा केंद्रात नवे भिडू शोधून खेळत राहिले. त्यांचे खेळणे थांबले ते हातांमुळे. कंपवाताचे निदान होऊन सहा वर्षे झाली होती. तेरा पत्त्यांचा पंखा धरला की एखाददुसरा पत्ता गळून पडे आणि उघडा होई. कोणी हसत नसे, पण अण्णा डाव अर्धवट टाकून घरी येऊ लागले.

गेल्या वर्षीच्या उन्हाळी सुटीत अकरा वर्षांच्या नातवाने त्यांच्यापुढे टॅबलेट ठेवला. ‘पोकेमॉन’च्या संग्राह्य पत्त्यांचा खेळ 1996 साली जपानमध्ये निघाला, त्याची मोबाइलवरील ‘पॉकेट’ ही आवृत्ती ऑक्टोबर 2024 मध्ये आली. आपल्या संग्रहातून वीस पत्त्यांचा जोड बांधायचा, एक प्राणी लढतीस पुढे, जास्तीत जास्त तीन मागे बाकावर. आधी तीन गुण मिळवील तो जिंकला. अण्णांचे आजोळ सावंतवाडीचे. एकशे वीस पत्त्यांची दशावतारी गंजिफा त्यांनी लहानपणी पाहिलेली. दिवसा रामाच्या रंगाने आणि रात्री कृष्णाच्या रंगाने उतारी करण्याचा तिचा नियम ज्याला ठाऊक आहे, त्याला पिवळ्या उंदराच्या विजेचे काय नवल!

पडद्यावर पत्ता हातात धरावा लागत नाही, पिसावाही लागत नाही. हा या रुग्णांना मोठाच दिलासा आहे. कंपवातातील थरथर हात विसावलेला असताना अधिक असते, हालचाल करताना बहुधा कमी होते, आणि हात एकाच स्थितीत धरून ठेवला की पुन्हा डोके वर काढते. म्हणून टॅबलेट हातात न देता तिरक्या घडवंचीवर ठेवावा, कोपर टेबलावर टेकू द्यावे आणि औषधाचा परिणाम चांगला असेल ती वेळ खेळासाठी निवडावी. पत्त्यांवरील इंग्रजी मजकूर फार बारीक असतो. आमच्याकडे नातू तो वाचून मराठीत सांगतो, अण्णा शंका काढतात, दोघे भांडतात. या भांडणाचा गुण खेळापेक्षा अधिक आला असावा, असे मला वाटते. खेळणाऱ्या वृद्धांत स्मृतिभ्रंश कमी आढळल्याचा 469 जणांचा एक अमेरिकी अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला होता. परंतु ज्यांची बुद्धी शाबूत आहे तेच खेळत राहतात, असेही असू शकते. पत्ते हे औषध नव्हे.

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ते सांगते. या खेळात साधारण दर बारा तासांनी पाच पत्त्यांचे एक पाकीट फुकट उघडता येते. अधिक हवी असल्यास पैसे मोजावे लागतात. आत काय निघेल ते नशिबावर. दिवाळीच्या सुमारास अण्णा पहाटे तीनला उठून टॅबलेट शोधताना दिसू लागले. पाकिटांवर त्यांनी सोळाशे रुपये खर्चले होते. त्याच सुमारास घरी एकामागून एक चार विजेऱ्या आल्या, सगळ्या त्यांनीच मागवलेल्या. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवणारा हा माणूस! आम्ही प्रथम नातवाला रागे भरलो, मग अण्णांना. दोघांचाही दोष नव्हता.

कंपवातात प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी ‘डोपामिन अ‍ॅगोनिस्ट’ गटातील औषधे देतात. ती हालचाल सुधारतात, पण मेंदूतील सुखलाभाची यंत्रणाही चेतवतात. त्यामुळे काही रुग्णांत जुगार, खरेदी, खाणे किंवा कामेच्छा यांवरील आवर सुटतो. रुग्ण लाजेपोटी बोलत नाही; पुष्कळदा त्यात काही वावगे आहे असे त्याला वाटतही नाही. घरच्यांनी म्हणूनच स्वतःहून, आवाज न चढवता विचारावे, खर्चाकडे लक्ष ठेवावे आणि आढळेल ते मेंदुविकारतज्ज्ञांना सांगावे. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नये. अचानक थांबवल्यास त्रास उलट वाढतो. अण्णांच्या डॉक्टरांनी मात्रा हळूहळू उतरवली, दुसऱ्या औषधाची वाढवली. दोनएक महिन्यांत पहाटेची शोधाशोध संपली. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळासारखा स्वमदत गट आहे. अशा मंडळींत हा विषय काढणे घरच्यापेक्षा सोपे जाते.

टॅबलेट आम्ही काढून घेतला नाही. पैसे भरण्याची सोय तेवढी बंद केली, आणि फुकटची दोन पाकिटे सकाळी न्याहारीनंतर व रात्री जेवणापूर्वी, नातवाच्या देखत उघडायची असे ठरले. अण्णा आधी रुसले. ‘मी काय कुक्कुलं बाळ आहे?’ असे विचारले. उत्तर कोणापाशीच नव्हते.

सुताराकडून मी एक फूटभर लांबीची लाकडी पट्टी करून घेतली आहे. तिच्यात दोन तिरक्या खाचा आहेत, खऱ्या पत्त्यांसाठी. तेरा पत्ते त्यात नीट उभे राहतात आणि हात मोकळे राहतात. गेल्या रविवारी नातू, त्याचा मित्र, अण्णा आणि मी असे चौघे मेंढीकोट खेळलो. मी अण्णांची भिडू होते. तीन मेंढ्या आल्या, चौथी माझ्या चुकीने गेली, आणि ते त्यांनी मला जेवणाच्या ताटावरही ऐकवले.